वहीपासून सर्व्हरपर्यंत : डिचोलीतल्या एका सुपरमार्केटचे ऑर्डर ॲप

गोव्यातल्या डिचोलीच्या एका मध्यम आकाराच्या सुपरमार्केटात ऑर्डरी तीन वाटांनी यायच्या. फोनवरून, व्हॉट्सॲपवरून, आणि चिठ्ठी घेऊन आलेल्या पोराच्या हातून. सगळ्या एका लांबट वहीत उतरायच्या. एरवी निभायचे. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या आठवड्यात मात्र ती वही एकाच वेळी तिघांना हवी असायची, आणि नेवऱ्यांसाठी मागितलेला गूळ दुसऱ्याच घरी पोचायचा. त्या दुकानासाठी ऑर्डर सांभाळणारे वेब ॲप मी बांधले आणि सर्व्हरवर चढवले. त्या कामाचा क्रम इथे देतो आहे. ज्यांना थोडे पायथन येते, स्वतःच्या लॅपटॉपवर एखादी साइट चालवून झाली आहे, पण खऱ्या दुकानाच्या भरवशावर काही चढवलेले नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

साधने अशी : उबुंटू २४.०४, त्यासोबत येणारे पायथन ३.१२ आणि पोस्टग्रेस १६ हा डेटाबेस, वर पायथनमधली वेब चौकट जँगो ५.२, पुढे जँगो चालवणारा गुनिकॉर्न आणि बाहेरच्या विनंत्या झेलणारा एनजिनएक्स. जँगो ५.२ ला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत, म्हणजे दुकानदाराला दरवर्षी मोठ्या बदलासाठी थांबावे लागत नाही. शिवाय जँगोचा ॲडमिन भाग तयार मिळतो. मॅनेजरचा निम्मा पडदा त्यातच होतो. आज्ञांची नावे मी देवनागरीत लिहितो आहे, टर्मिनलवर ती रोमन अक्षरांतच टाकायची.

आधी वही वाचा

कोडला हात लावण्याआधी दोन दिवस दुकानात बसा आणि जुनी वही पानोपान वाचा. मला त्या वहीत सगळ्यांत जास्त काय दिसले, तर खाडाखोड. एक किलो टोमॅटो मागितले, काट्यावर एक किलो चाळीस ग्रॅम झाले. अमुक ब्रँडचे तेल मागितले, ते संपले होते, म्हणून दुसरे दिले. एका गिऱ्हाइकाच्या नावापुढे नेहमी लिहिलेले असायचे, ‘उकडे नसल्यास सुरय नको.’ उकडे म्हणजे उकडा तांदूळ, सुरय म्हणजे न उकडलेला. काउंटरवरच्या काकांना ती फोनवर दर वेळी तेच सांगायची, “काका, उकडे नसतील तर राहू देत, मी थांबते.”

ही खाडाखोड हाच ॲपचा गाभा आहे. मागितलेला माल, काढलेला माल आणि बिलात लागलेला माल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. इंटरनेटवर सापडणारे बहुतेक नमुना प्रकल्प पुस्तके किंवा कपडे विकणाऱ्या दुकानाच्या कल्पनेवर बांधलेले असतात. तिथे एक नग मागितला की एकच नग जातो, आणि पैसे आधी घेऊन टाकले तरी चालते. किराण्यात ते चालत नाही. ऑर्डरीच्या प्रत्येक ओळीवर मागितलेले प्रमाण आणि काढलेले प्रमाण असे दोन स्वतंत्र रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा. मागाहून घालायला गेलात, तर अहवालापासून बिलापर्यंत सगळे उसवावे लागते.

तिसरा रकाना बदलीचा. त्यात तीनच पर्याय : ‘दुसरे चालेल’, ‘विचारून द्या’, ‘नको’. हा रकाना ओळीवर हवा, संपूर्ण ऑर्डरीवर नको. त्याच बाईंना साबण कुठलाही चालतो, तांदूळ चालत नाही.

तक्ते कसे मांडायचे

वस्तू, खेप, गिऱ्हाईक, ऑर्डर, ऑर्डरीची ओळ, अवस्थेची नोंद, बिल. एवढ्या सात तक्त्यांवर सुरुवात होते. यातला ‘खेप’, म्हणजे एका वेळी आलेला माल, हा तक्ता नवखा माणूस नेमका विसरतो. एकाच बारकोडच्या बिस्किटांच्या पुड्यावर जुन्या मालाची छापील किंमत एक असते, नव्या मालाची दुसरी, आणि दोन्ही पुडे एकाच फळीवर असतात. किंमत वस्तूवर टांगलीत तर जुना पुडा छापील किमतीपेक्षा महाग विकला जाईल, आणि तो कायद्याने गुन्हा आहे. म्हणून छापील किंमत, विक्रीची किंमत आणि मुदतीची तारीख खेपेवर ठेवा. विक्रीची किंमत छापील किमतीपेक्षा जास्त नसावी, ही अट डेटाबेसमध्येच घाला. फॉर्मवरची तपासणी कोणीतरी कधीतरी चुकवतोच. माल काढताना ज्या खेपेची मुदत आधी संपते ती आधी सुचवा.

बारकोड मजकूर म्हणून साठवा, आकडा म्हणून नको. आकडा केलात तर सुरुवातीची शून्ये गळून पडतात. तेरा अंकी कोडची सुरुवात ८९० ने झाली, तर तो कोड भारतातल्या नोंदणीचा आहे एवढेच कळते, माल कुठे बनला ते कळत नाही. दुकानाच्या काट्यातून निघणाऱ्या चिकटपट्टीवरचा कोड बहुधा २ ने सुरू होतो, कारण तो आकडा दुकानांतर्गत वापरासाठी राखलेला आहे. त्या कोडच्या पोटात वस्तूचा क्रमांक आणि वजन किंवा रक्कम भरलेली असते. कुठल्या जागी काय आहे, ते काट्याच्या सेटिंगमध्ये पाहून घ्या, अंदाज बांधू नका.

वजनासाठी तीन दशांश स्थळे, पैशासाठी दोन, आणि दोन्हीकडे डेसिमल प्रकार. फ्लोट प्रकारात शून्य पूर्णांक एक आणि शून्य पूर्णांक दोन यांची बेरीज नेमकी शून्य पूर्णांक तीन येत नाही. दिवसभराच्या गल्ल्यात ते पैसे दिसू लागतात, आणि कॅशिअर मुलगी रात्री नऊला विनाकारण हिशेब लावत बसते.

पत्त्याचा रकाना शहरी पद्धतीने बनवू नका. आमच्याकडे घर क्रमांकावरून घर सापडेलच असे नाही. वाडा, जवळची खूण आणि फोन हे तीन रकाने सक्तीचे. पिनकोड गावावरून आपोआप भरला जावा. डिचोलीचा ४०३५०४ आहे. मये, पिळगाव, कारापूर, साखळी ही गावे यादीतून निवडता आली पाहिजेत, म्हणजे डिलिव्हरीच्या फेऱ्या गावांवरून लावता येतात. दिवाडीला माल जाणार असेल तर नार्वेहून फेरीबोट धरायची असते, म्हणून त्या फेरीला वेगळी शेवटची वेळ द्या.

नावांचा गुंता

एकच वस्तू, नावे अनेक. कोणी आमसुले शोधते, कोणी कोकम, कोणी सोलां. मोहरीला सांसवां, मिरचीला मिरसांग, नारळाला नाल्ल. वस्तूला जोडलेला पर्यायी नावांचा छोटा तक्ता करा आणि तो काउंटरवरच्या माणसांकडून भरून घ्या. त्यांना तोंडपाठ असते. रोमन अक्षरांत टाकलेली रूपेही त्यातच घाला. जवळपासच्या स्पेलिंगसाठी पोस्टग्रेसचे ट्रायग्राम एक्स्टेन्शन (तीन-तीन अक्षरांचे तुकडे जुळवून पाहणारे) पुरेसे आहे, वेगळे शोधयंत्र उभे करू नका.

मराठी अक्षरांची एक अडचण खास आपली. ‘ॲ’ हे अक्षर एकाच संकेताने लिहिता येते, आणि ‘अ’ला चंद्र जोडूनही. डोळ्यांना दोन्ही सारखी, संगणकाला वेगळी, आणि युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण ही दोन रूपे एक करत नाही. म्हणून साठवण्याआधी आणि शोधण्याआधी आपणच एका रूपात आणायचे. देवनागरी आकड्यांचेही तसेच. ‘२’ हा आकडा पायथनचा ‘इंट’ बिनतक्रार वाचतो, पण ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट त्याला आकडा मानत नाही. प्रमाणाच्या चौकटीत आकडे बदलून घेणारे दोन ओळींचे फंक्शन ठेवा.

शेवटची गोणी कोणाची

दोन गिऱ्हाइकांनी एकाच मिनिटाला उकड्या तांदळाची शेवटची गोणी मागितली, तर ॲपने दोघांनाही हो म्हणता कामा नये. यासाठी साठ्याचे दोन आकडे : हाती असलेला आणि राखीव. विकायला उपलब्ध माल म्हणजे या दोहोंतला फरक. ऑर्डर पक्की करणारे फंक्शन जँगोच्या ‘ॲटॉमिक’ ब्लॉकमध्ये ठेवा आणि साठ्याच्या ओळी ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने कुलूपबंद करून मगच फरक तपासा. कुलपे नेहमी वस्तूच्या क्रमांकानुसार चढत्या क्रमाने लावा. एकाने आधी तांदूळ मग साखर आणि दुसऱ्याने आधी साखर मग तांदूळ धरली, तर दोघे एकमेकांसाठी अडकून बसतात.

दुसरा धोका नेटवर्कचा. सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावांत पावसात सिग्नल येतो-जातो. गिऱ्हाईक बटण दाबते, पडदा हलत नाही, पुन्हा दाबते. दोन ऑर्डरी होतात. टोपली उघडतानाच ब्राउझरने एक यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कशाशी न जुळणारा लांब ओळख-क्रमांक, तयार करावा, ऑर्डरीसोबत पाठवावा, आणि डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर एकमेवतेची अट असावी. दुसऱ्यांदा तोच आकडा आला की नवी ऑर्डर न करता जुनीच दाखवा.

अवस्था थोड्याच ठेवा : आली, पक्की, काढणी सुरू, तयार, वाटेवर, पोचली, रद्द. कुठल्या अवस्थेतून कुठे जाता येते ते एकाच फंक्शनमध्ये लिहा आणि प्रत्येक बदलाची कोणी, केव्हा अशी नोंद ठेवा. वहीत जे अक्षर ओळखून कळायचे, ते आता या नोंदीतून कळते.

पैसे, कर, बिल

वजन झाल्यावरच रक्कम ठरते, म्हणून ‘तयार’ या अवस्थेआधी पैसे घेऊ नका. ती आल्यावर यूपीआयची लिंक पाठवा किंवा दारात क्यूआर दाखवा. पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा धरू नका. पेमेंट सेवेकडून आपल्या सर्व्हरला थेट येणारा संदेश, म्हणजे वेबहुक, त्याची सही तपासून, तोच खरा. एकच वेबहुक दोनदा येऊ शकतो, म्हणून व्यवहाराच्या क्रमांकावरही एकमेवतेची अट घाला.

कराचे दर कोडमध्ये लिहू नका. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास गेले, आणि मुख्य दर ५ व १८ उरले. ज्यांनी दर कोडमध्ये कोरले होते त्यांना त्या रात्री जागावे लागले. ‘या तारखेपासून हा दर’ असा तक्ता ठेवा, आणि बिल होताना त्या दिवशीचा दर बिलाच्या ओळीवर कायमचा उतरवा. उद्या जुने बिल उघडले तर तेव्हाचाच दर दिसला पाहिजे. गोव्यातल्या गोव्यात विक्री असली की कर केंद्र आणि राज्य असा निम्मा-निम्मा दाखवायचा. गोव्याचा जीएसटी राज्य-संकेतांक ३० आहे, म्हणून दुकानाच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात तिथूनच होते. सेटिंग भरताना एवढे तरी ताडून पाहा.

बिलाचा क्रमांक सलग हवा, आर्थिक वर्षात एकमेव हवा आणि १६ अक्षरांपेक्षा लांब नको. डेटाबेसचा आपोआप वाढणारा आयडी इथे वापरू नका. एखादा व्यवहार अर्ध्यावर मागे फिरला की त्या आयडीत खाच पडते, आणि मग हिशेबनीस विचारतो की मधले बिल कुठे गेले. वर्षागणिक एक ओळ असलेला मोजणी-तक्ता ठेवा, ती ओळ कुलूपबंद करून पुढचा आकडा घ्या.

आता सर्व्हर

मुंबई किंवा बंगळूरूच्या केंद्रातला, दोन जीबी मेमरीचा एक व्हर्च्युअल सर्व्हर अशा एका दुकानाला पुरतो. मिळाल्याबरोबर साधा वापरकर्ता तयार करा, एसएसएच किल्ली लावा, मग रूटचा आणि पासवर्डचा प्रवेश बंद करा. बंद करताना जुनी खिडकी उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून आत जाऊन पाहा. यूएफडब्ल्यू फायरवॉल सुरू करण्याआधी एसएसएचला परवानगी द्या, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल. मग ८० आणि ४४३ उघडा. पोस्टग्रेसचे ५४३२ बाहेरून बंदच राहू दे.

वेळेचा पट्टा लगेच ‘आशिया/कोलकाता’ करा. जँगो आतून यूटीसी वेळ साठवतो, ते योग्यच आहे. पण दिवसाचा अहवाल यूटीसीच्या मध्यरात्रीवर कापलात तर आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत आलेल्या ऑर्डरी कालच्या दिवसात जमा होतात.

या उबुंटूवर पिपने थेट सिस्टममध्ये काही बसवायला गेलात तर ते नकार देते. ते बरोबर आहे, जबरदस्ती करू नका, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा. कोड वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये ठेवू नका. उबुंटूत होम फोल्डर आता इतरांना बंद असते, म्हणून एनजिनएक्सला तिथल्या सीएसएस आणि चित्रे वाचता येत नाहीत आणि साइट उघडी-बोडकी दिसते. ‘/एसआरव्ही’खाली दुकानाचे फोल्डर करा.

डेटाबेस बनवताना ॲपच्या वापरकर्त्यालाच त्याचा मालक करा. पोस्टग्रेस १५ पासून साध्या वापरकर्त्याला पब्लिक स्कीमात तक्ते बनवण्याची मुभा आपोआप मिळत नाही. जुन्या लेखांतला ‘ग्रँट ऑल’ चालवूनही ‘मायग्रेट’ तिथेच अडते. माझी यात एक संध्याकाळ गेली.

गुप्त किल्ली, डेटाबेसचा पासवर्ड आणि ‘डीबग’ बंद असल्याची नोंद एका एन्व्ह फाइलमध्ये. तिची परवानगी ६००, आणि ती गिटमध्ये कधीही नाही. मग ‘चेक’ ही आज्ञा ‘डिप्लॉय’ पर्यायासह चालवा आणि ती दाखवील त्या सूचना एकेक निस्तरा. त्यानंतर ‘मायग्रेट’, त्यानंतर ‘कलेक्टस्टॅटिक’.

गुनिकॉर्न सिस्टमडीची (उबुंटूत सेवा सुरू ठेवणाऱ्या भागाची) सेवा म्हणून लावा : कोणाच्या नावाने चालायचे, कुठल्या फोल्डरात, एन्व्ह फाइल कुठली, आणि पडली तर पुन्हा उठायची. ‘स्टार्ट’सोबत ‘इनेबल’ही करा, नाहीतर सर्व्हर रीबूट झाला की दुकान बंद. वर्करची संख्या कोअरच्या दुप्पट अधिक एक, म्हणजे एका कोअरला तीन. प्रत्येक वर्कर स्वतःची मेमरी खातो, म्हणून आकडा हौसेने वाढवू नका.

एनजिनएक्स पुढे उभा राहून विनंत्या गुनिकॉर्नकडे देतो. त्याच्या फाइलमध्ये होस्ट आणि ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हे हेडर पुढे पाठवा, आणि जँगोच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर’ त्याच्याशी जुळवा. डोमेनची ए नोंद सर्व्हरच्या आयपीकडे वळवा, ती पसरली की एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र आणणारा सर्टबॉट चालवा. लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते आणि सर्टबॉट ते आपोआप नवे करतो. पण मुदत संपत आल्याची ईमेल पाठवणे त्या संस्थेने २०२५ मध्ये थांबवले आहे. म्हणून नूतनीकरणाची ‘ड्राय रन’ करून पाहा आणि फोनच्या कॅलेंडरात स्वतःची आठवण लावा.

चढवल्यावर पडद्यावर काय दिसते त्यावरून दोष ओळखता येतो. ५०२ म्हणजे गुनिकॉर्न उठलेलाच नाही किंवा सॉकेटचा रस्ता चुकला. सिस्टमडीची नोंदवही वाचा. सगळीकडे ४०० येत असेल तर ‘अलाउड होस्ट्स’मध्ये डोमेन नाही. फॉर्म पाठवताना ४०३ आला तर ‘सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स’ पाहा. तिथे डोमेन एचटीटीपीएससकट लिहावे लागते. मालाचे छायाचित्र चढवताना ४१३ आला तर एनजिनएक्सची एक एमबीची मर्यादा आड आली आहे, ती वाढवा.

नवा बदल चढवण्याची वेळ ठरवून ठेवा. संध्याकाळी पाच ते आठ अजिबात नाही. क्रम असा : डेटाबेसची प्रत, गिटमधून ओढणे, नव्या लायब्ररी, मायग्रेट, कलेक्टस्टॅटिक, सेवा पुन्हा सुरू, आणि लगेच एक खोटी ऑर्डर टाकून ती रद्द करणे.

पाऊस, वीज, छपाई

जून ते सप्टेंबर वीज जाणार हे धरूनच चाला. सर्व्हर मुंबईत सुखात असतो, अडकते ते आपले काउंटर. राउटर आणि काउंटरचा संगणक इन्व्हर्टरवर घ्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ऑर्डर पक्की झाल्याबरोबर काढणीची चिठ्ठी छापून निघू दे. मग नेट गेले तरी माल काढणाऱ्यांचे हात थांबत नाहीत. स्वस्त थर्मल प्रिंटरांत बहुधा देवनागरी टंक नसतो, मजकूर थेट पाठवला की प्रश्नचिन्हे उमटतात. चिठ्ठीचे पान ब्राउझरमधून छापा किंवा चित्र करून पाठवा. चिठ्ठीवर ओळींचा क्रम फळ्यांच्या रांगेप्रमाणे लावा, आणि ‘सुरय नको’ हे ठळक अक्षरांत.

डिलिव्हरीच्या मुलाला त्याच्या त्या दिवशीच्या फेरीचेच पत्ते आणि फोन दिसावेत. गावातल्या बायकांचे फोन नंबर त्या यादीत असतात, ती यादी कोणाच्याही मोबाइलवर पूर्ण उतरता कामा नये.

प्रत, आणि चवथीआधीचा एक दिवस

रोज रात्री ‘पीजी डंप’ कस्टम प्रकारात काढा, ती फाइल सर्व्हरबाहेर दुसऱ्या ठिकाणी पाठवा, आणि मालाची छायाचित्रे वेगळी उतरवा, कारण ती डेटाबेसमध्ये नसतात. पण जी प्रत कधी परत भरून पाहिली नाही तिच्यावर विसंबू नका. महिन्यातून एकदा दुसऱ्या रिकाम्या डेटाबेसमध्ये ‘पीजी रिस्टोअर’ने ती भरा आणि कालच्या बिलांची बेरीज गल्ल्याच्या वहीशी जुळवा.

चवथीच्या तीन आठवडे आधी एक रविवार दुपार यासाठी राखून ठेवा. दुकानातली सगळी माणसे बोलवा. एकाने फोनवरून ऑर्डरी सांगायच्या, दोघांनी एकाच शेवटच्या गोणीवर बटण दाबायचे, एकाने मध्येच राउटर बंद करायचा. त्या दुपारी आमच्याकडे दोन गोष्टी उघड झाल्या. माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या, सामानाला वजन नसते, ते जुडीवर किंवा नगावर जाते, आणि ‘जुडी’ हे एकक आमच्या यादीतच नव्हते. दुसरे म्हणजे माल काढणाऱ्या मावशींना पडद्यावरची अक्षरे बारीक वाटत होती. दोन्ही दुरुस्त्या त्याच रात्री चढवल्या. जुनी वही मात्र तो हंगाम सरेपर्यंत काउंटरच्या खणातच ठेवली, सोबत पेन.